हौदातला चेअरमन

इनायतखाला कुणाच्या घरी यायच्या असल्या की त्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आधी खाली उतरतं. मग चहाचा समोवार दिसेनासा होतो, मग भरतकामाचे पडदे, मग पिंजऱ्यातला लावा. खाला चोर नाहीत. चोर असत्या तर सोपं होतं, कुलूप घातलं असतं. त्या फक्त कौतुक करतात.

आमच्या खोऱ्यातली रीत अशी की पाहुण्याने एखाद्या वस्तूचं तोंड भरून कौतुक केलं, तर यजमानाने छातीवर हात ठेवून म्हणायचं, "तुमचंच आहे, घेऊन जा." त्यावर पाहुण्याने म्हणायचं, "छे छे." मग वस्तू जागच्या जागी राहते, दोघांचाही मान राहतो आणि चहाची दुसरी किटली येते. पिढ्यान्‌पिढ्या हे सुरळीत चाललं होतं. इनायतखाला "छे छे" म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "तुमचं मन मोडवत नाही हो," आणि मुलाला हाक मारून वस्तू गाडीत ठेवायला सांगतात.

नाही म्हणायची सोय नाही. अब्रू जाते ते वेगळंच, पण पाहुण्याच्या डोळ्यात भरलेली वस्तू अडवून धरली तर ती घरात टिकत नाही, असं माझी सासू सांगायची. तिने एकदा एक चिनी वाडगा अडवून धरला होता. काही दिवसांतच तो फुटला. मांजराने पाडला हे खरं, पण सासूच्या मते मांजर निमित्त होतं.

तर अशा बाईच्या मुलाला आम्ही आमची एकुलती एक सानोबर दिली. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून नान मोडली आणि सोयरीक पक्की झाली, लग्न बर्फ वितळल्यावर करायचं ठरलं. मुलगा, बहराम, फ्रिज दुरुस्त करतो, कमी बोलतो, आईसारखा मुळीच नाही. सानोबरला तो इतका आवडला आहे की त्याचं नाव निघालं की चुलीवरचं काहीतरी करपतं. तेव्हा या सोयरिकीला धक्का लागेल असं काही करणं शक्यच नव्हतं.

नान मोडायला आल्या त्या दिवशी खालांनी माझ्या सासूच्या समोवाराचं कौतुक केलं. समोवार गेला. सानोबरच्या बाबांना त्याचं काही वाटलं नाही. स्वतःच्या आईचा समोवार, पण हे हसत हसत गाडीपर्यंत पोचवायला गेले. जाता जाता खालांची नजर परसातल्या आमच्या हौदाकडे वळली आणि त्यांनी विचारलं, यात काय आहे हो? तेव्हा मात्र यांचा चेहरा उतरला. नशीब, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार असतं, आतलं काही दिसत नाही.

"बेडूक," हे म्हणाले.

हौदात चेअरमन होता.

चेअरमन म्हणजे आमचा मासा. सानोबर रांगत होती तेव्हा हे सामुदायिक शेताच्या तळ्यावरून पाटीभर मासळी घेऊन आले होते. त्यातला एक शेवटपर्यंत तडफडत राहिला. मी सुरी उचलली, पोरीने भोकाड पसरलं, आणि यांनी तो हौदात सोडला, उद्या तळू म्हणून. तो उद्या अजून उजाडायचा आहे. शेताचा त्या वेळचा जो चेअरमन होता त्याच्यासारख्याच याला तोंडाच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या मिशा, तसंच पोट, आणि तशीच सवय. एरवी कुठे दिसायचा नाही, भांडं वाजलं की हजर. नाव आपोआप पडलं. आता तो खांद्यापासून बोटांपर्यंत माझ्या हाताएवढा लांब झाला आहे.

पण तो येतो फक्त सानोबरच्या हाकेला. ती हौदाच्या कडेला बसून प्याल्यावर चमचा वाजवते. टिंग टिंग, थोडं थांबून पुन्हा टिंग. की हा तोंडाचा चंबू करून वर येतो. हेही वाजवतात. घरातल्या सगळ्या प्याल्यांवर वाजवून झालं, शेजाऱ्यांचे प्यालेही आणून झाले. चेअरमन तळाशी बसून ऐकत असावा, वर येत नाही. यांना ते फार लागतं, पण दाखवत नाहीत. आवाज पाण्यात नीट पोचत नसेल, म्हणतात. थंडीच्या तोंडाशी दरवर्षी मी जाहीर करते की यंदा याला तळणार. हे विचारतात, तेल किती लागेल, आणि विषय तिथेच संपतो.

यंदा बागेतली बिहीची फळं पिवळी पडायला लागली आणि खालांचा फोन आला. येत्या रविवारी येते म्हणाल्या, होणाऱ्या सुनेला बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. फोन यांनी घेतला होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आता खरं सांगायचं तर यांच्या डोक्यात चटकन काही येत नाही, पण त्या दिवशी आलं. हौदावर आमचं तुतीचं जुनं झाड आहे. त्याची पानं हौदात पडतात, तळाशी कुजतात, आणि वरून बर्फ धरला की खाली माशाचा जीव गुदमरतो. म्हणून पानगळीत एकदा हौद उपसून गाळ काढावाच लागतो. हे फोनवर म्हणाले की रविवारी आमच्याकडे हौद उपसायची इर्जिक आहे, सगळी गल्ली कामाला येणार, परसभर चिखल होईल, तुमच्या चांगल्या कपड्यांची नासाडी, तेव्हा पुढे कधीतरी सवडीने या. फोन ठेवला आणि स्वतःवरच खूश होऊन माझ्याकडे बघून हसले.

मी कपाळाला हात लावला. "अहो, इर्जिक आहे म्हणून पाहुण्याला येऊ नका सांगितलंत? आपल्या मुलखात?"

हसू मावळायच्या आत फोन पुन्हा वाजला. इनायतखालांचा आवाज भिंतीपलीकडच्या एर्गाशआकालाही ऐकू गेला असेल. इर्जिक आहे आणि आम्ही परक्यासारखं घरी बसू होय? दोन्ही मुलं आणि फावडी घेऊन येते.

आता इर्जिक मागे घेणं शक्य नव्हतं. गल्लीला सांगावं लागलं, पुलावाचं मटण सांगावं लागलं. म्हणजे वर्षातला जो एकच दिवस हौदाचा तळ दिसतो, नेमक्या त्या दिवशी खाला काठावर उभ्या राहणार होत्या, आणि तेही आमच्या आमंत्रणावरून. मी यांना म्हटलं की तुम्ही गप्प बसला असतात तर त्या आल्या असत्या, हिरवं पाणी बघून गेल्या असत्या. यांनी मान खाली घातली. दोन दिवस जेवण नीट गेलं नाही यांना.

शनिवारी आम्ही घर रिकामं केलं. घड्याळ, पडदे, भिंतीवरची भरतकामाची सुझानी, माझ्या लग्नातली परात, हंडी, चांगल्या दुलया, सगळं भिंतीवरून एर्गाशआकाकडे पोचतं केलं. एर्गाशआका गल्लीतल्या प्रत्येक इर्जिकीत पुलाव शिजवतो आणि प्रत्येक वेळी चेअरमनचं वजन विचारतो. सामान उतरवून घेताना म्हणाला, माशालाही माझ्याकडे आणून ठेवा, आमच्या बाथटबमध्ये ऐसपैस राहील.

"तुझ्याकडे?" हे म्हणाले. "तू पाण्यात कांदा चिरून घालशील."

"तुर्सुनालीआका, मी तुमचा शेजारी आहे."

"म्हणूनच."

एर्गाशआका दुखावला, पण मी असं करणार नाही, असं काही म्हणाला नाही.

रविवारी उजाडल्याबरोबर यांनी हौदाची मोरी उघडली. पाणी भाजीच्या वाफ्यांत गेलं, हौद अर्धा झाला आणि चेअरमनची पाठ वर दिसायला लागली. हे पाटी घेऊन आत उतरले. मासा डावीकडे गेला की हे डावीकडे, तोवर तो उजवीकडे. पाटी टाकून पोतं घेतलं, पोतं टाकून अंगातला कोट काढला, शेवटी कोटासकट गाळात बसले. मी काठावर होते, मदत करायला हवी होती, पण हसू आवरेना. सानोबर चहा घेऊन आली. तिने पत्र्याचा मोठा टब पाण्यात कलता धरला, टबाच्या काठाशी प्याला टेकवला आणि चमचा वाजवला. चेअरमन स्वतःच्या पायाने, म्हणजे पाय असते तर तसा, टबात येऊन बसला. यांनी गाळातूनच विचारलं, "माझ्या वाजवण्यात नेमकं काय कमी आहे?"

टब कुठे ठेवायचा? कोठीत पुलावाची तयारी, गोठ्यात शेळ्या. शेवटी हौदाकाठच्या सोरीखाली सरकवला. सोरी म्हणजे आमचा तो भलामोठा लाकडी पलंग. उन्हाळ्यात आम्ही तिच्यावरच जेवतो, झोपतो आणि भांडतो. वरचा गालिचा जमिनीपर्यंत खाली सोडला, की झालं. पाहुण्यांना आत दिवाणखान्यात बसवायचं ठरलं.

खाला आल्या त्या रबरी बूट घालूनच. मला वाटलं होतं काठावर उभ्या राहून सूचना करतील. त्या सरळ आत उतरल्या. अशी गाळ काढणारी बाई मी पाहिली नाही. बादली भरायच्या, वर द्यायच्या, दुसरी घ्यायच्या, आणि तोंडाने थोरल्याला सांगायच्या की फावडं असं काय धरतोस, चमचा आहे का तो. बहराम खाली मुंडी घालून सगळ्यात खोल कोपऱ्यात काम करत होता. आमच्या गल्लीतले दोन बाप्ये त्यांना बघून लाजेने भराभर हात चालवायला लागले. ती बाई मला आवडायला लागली होती, आणि त्याचाच मला राग येत होता.

मधेच ओंजळभर गाळ हातात घेऊन त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, काय गाळ आहे हो. काळाभोर."

यांनी दोन्ही हात छातीवर ठेवले. आनंदाने आवाज कापत होता. "तुमचाच, विहीणबाई, घेऊन जा." पोती भरून स्वतः गाडीत ठेवून आले, गुलाबांना घाला म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

"बेडूक काही दिसले नाहीत," खाला म्हणाल्या.

"थंडी पडली ना," हे म्हणाले. "झोपले असतील."

चहाची वेळ झाली तशी मी खालांना हातपाय धुऊन दिवाणखान्यात नेलं. त्या दारातच थांबल्या. भिंतीवर घड्याळाच्या जागी गोल पांढरा डाग, खिडक्या उघड्या, कोनाडे मोकळे. खोली बोडकी दिसत होती. त्यांनी माझा हात धरून मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "करामत, खरं सांग. काही अडचण आहे का? काही विकावं लागलं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंग काढायचाय, म्हणून सामान हलवलंय, असं काहीतरी पुटपुटले. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाल्या, "तुझ्या सासूचा समोवार परत पाठवू का?"

आणि मी, जन्माची सवय, "छे छे" म्हणाले. जीभ चावली, पण तोवर त्यांनी मान हलवली होती.

मग त्याच म्हणाल्या, या उघड्या खोलीत कशाला बसायचं, बाहेर ऊन छान आहे, सोरीवर बसू. मी थंडी, वारा, डास, जे सुचेल ते सांगितलं. पानगळीत डास कुठले? त्या जाऊन सोरीच्या मधोमध बसल्या. बरोबर टबाच्या वर.

सानोबरने चहा ओतला, रीतीप्रमाणे अर्धाच प्याला, दोन्ही हातांनी पुढे केला. हे फावड्यावर हनुवटी टेकून उभे होते आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. खालांची बोटं गार पाण्याने आखडली होती. त्यांनी ताटलीतला खडीसाखरेचा मोठा खडा उचलला, चहात टाकला आणि ढवळायला लागल्या. टिंग टिंग. खडा विरघळला का बघायला थांबल्या. मग टिंग.

सोरीखालून धडाड्‌ असा आवाज झाला आणि सोरी हलली.

"भूकंप," एर्गाशआका कढईजवळून ओरडला. हौदातले सगळे उड्या मारून बाहेर आले. कुणी दाराकडे पळालं, कुणी झाडापासून लांब सरकलं, एर्गाशआकाने आधी पुलावावर झाकण ठेवलं आणि मग पळाला. जागची हलली नाही ती एकटी इनायतखाला. आपल्या प्याल्याकडे बघत राहिल्या. मग मुद्दाम, सावकाश, पुन्हा चमचा वाजवला.

धडाड्‌.

त्यांनी प्याला खाली ठेवला, पालथ्या पडून गालिच्याची कड उचलली आणि वाकून बघितलं. मीही बघितलं. पत्र्याच्या टबात चेअरमन डोकं वर काढून, मिशा हलवत, तोंडाचा चंबू करून जेवणाची वाट बघत होता.

"बेडूक," खाला म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. सगळी गल्ली गोळा झाली होती. खालांनी गालिचा पूर्ण दुमडून वर टाकला, टबाकडे नीट न्याहाळून बघितलं आणि त्यांच्या तोंडावर ते कौतुक आलं. समोवाराच्या वेळी आलं होतं तेच.

"माशाअल्ला. काय मासा आहे, व्याहीबुवा. आमचं अर्धं गाव नदीत जाळी टाकतं, पण असा मासा नाही बघितला. माझ्या मोठ्या कढईतसुद्धा याला शेपूट दुमडून निजावं लागेल."

यांचा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. तोंड उघडलं, शब्द फुटेना. तुमचाच म्हणाले तर चेअरमन संध्याकाळी कढईत. नाही म्हणाले तर सगळ्या गल्लीदेखत विहिणीचा अपमान, आणि तोही आधी खोटं बोलून, आणि पोरीचं लग्न तोंडावर. सानोबर किटली धरून उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं, आणि ती बापाकडे बघत नव्हती, म्हणजे त्यांना अवघड वाटू नये. इतकी वर्षं मी त्या माशावरून यांना टोमणे मारत आले, पण यांचा तो चेहरा मला बघवेना. हा माणूस आईचा समोवार हसत देतो, आणि एका माशासाठी असा उभा राहतो, तर तो फक्त मासा नाही, एवढं कळायला मला एवढी वर्षं लागली.

मग माझी नजर बहरामवर गेली. तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, हौदाच्या कडेला मान खाली घालून उभा होता.

"विहीणबाई," मी म्हटलं, "तुमचा बहराम काय मुलगा आहे हो. माशाअल्ला."

"आहेच," खाला म्हणाल्या. नजर माशावरून हलली नव्हती.

"सकाळपासून बघतेय. सगळ्यात खोल कोपरा त्याने घेतला. तोंडातून शब्द नाही. आम्हाला तर मुलगा नाही, तुम्हाला माहीतच आहे. असा मुलगा घरात असला की आणखी काय पाहिजे माणसाला?"

खालांनी मान वर केली.

आधी कळलं ते एर्गाशआकाला. डाव हातात घेऊन तो पुढे आला आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "खोली तर रिकामीच आहे, करामतओपा. मी कालच बघितली. अगदी रिकामी आहे."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी लक्ष दिलं नाही. खालांच्या डोळ्यांत डोळे घालून पुन्हा म्हटलं, सावकाश, गल्लीतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असं. "खरंच, विहीणबाई. काय मुलगा आहे."

आणि गप्प बसले. माझं काम झालं होतं. कौतुक करून झालं होतं, आता रीतीप्रमाणे बोलायची पाळी त्यांची होती.

बहराम त्यांचा धाकटा. आमच्याकडे धाकटा आईबापांजवळ राहतो, म्हातारपणी त्यांचं करतो. तो घरजावई झाला तर आईने गावात तोंड कसं दाखवायचं? खालांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खाली टबात चेअरमन अगदी तेच करत होता. बहराम मान खाली घालूनच होता, पण त्याचे कान लाल झाले होते आणि खांदे हलत होते. तो हसत होता, चोर.

"छे छे," इनायतखाला म्हणाल्या.

"काय म्हणालात, खाला?" एर्गाशआकाने विचारलं. "ऐकू नाही आलं."

"छे छे म्हटलं," त्या ओरडल्या. आणि मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. पोट धरून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "चांगली आहेस की तू, करामत. ठेवा तो मासा. हौदातच बरा दिसतो. मुलगा माझा माझ्याकडे राहू दे."

धोका टळल्याबरोबर यांची वाचा परत आली. हात छातीवर होताच, तो तसाच ठेवून म्हणाले, "नाही नाही, विहीणबाई, तुमचाच आहे, घेऊन जा." मी यांच्या पायावर टाच दिली.

मग पाटाचं ताजं पाणी सोडलं. हौद भरत आला तसा बहरामने लव्हाळ्याच्या पेंढ्या चारी कोपऱ्यांत उभ्या रोवल्या, बर्फ धरला तरी त्यांच्या पोकळ काड्यांतून खाली हवा जावी म्हणून. रोवताना मधूनमधून सानोबरकडे बघत होता, त्यामुळे एक पेंढी तिरकी लागली आहे, ती अजून तशीच आहे. चेअरमनला टबासकट पाण्यात उतरवलं. तो मागे वळून न बघता तळाशी गेला. एर्गाशआकाने हात धुताना वजनाचा अंदाज सांगितला, कुणी विचारलं नसताना.

पुलाव खाऊन, दुआ करून पाहुणे निघाले. सानोबरने खालांचे रबरी बूट धुऊन, पुसून, तोंडं दाराकडे करून उंबऱ्यापाशी ठेवले होते. खालांनी बूट घातले आणि तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. आता त्यांच्या तोंडावर ते समोवाराच्या वेळचं काही नव्हतं.

"काय मुलगी आहे," त्या हळूच म्हणाल्या.

मला काहीतरी चटपटीत बोलायचं होतं, पण काही सुचेना. मला नेहमी सुचतं. यांनी हात छातीवर ठेवला. माशासाठी जो शब्द दुपारी फुटला नव्हता, तो या वेळी अडकला नाही.

"तुमचीच," हे म्हणाले.

खालांनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छे छे," म्हणाल्या. "बर्फ वितळेपर्यंत तुमचीच." आणि मुलांना हाक मारून गाडीत जाऊन बसल्या, गाळाच्या पोत्यांना टेकून.

त्या रात्री घड्याळ परत भिंतीवर गेलं, पडदे लागले. हे घरात आले नाहीत. सकाळीही चहा घेऊन हौदावरच गेले. दुसऱ्या दिवशीही. शेवटी मी बघायला गेले, तर बापलेक कडेला शेजारी शेजारी बसले होते आणि तिने त्यांचं मनगट हातात धरलं होतं.

"हळू, बाबा. तुम्ही दार ठोठावल्यासारखं वाजवता. दोनदा वाजवायचं, मग त्याला विचार करू द्यायचा, मग एकदा."

"किती विचार?"

"तुम्ही आईला घाबरत घाबरत काही विचारता ना, त्याच्याआधी थांबता तेवढा."

यांनी वाजवलं. टिंग टिंग. थांबले. बराच वेळ थांबले. टिंग. तुतीची दोन पानं पाण्यावर पडली, ती मी काढली. मग तळाशी काहीतरी काळं हललं आणि चेअरमन वर आला, मिशा, चंबू, सगळं. थंडी पडल्यापासून त्याचं खाणं बंद केलं आहे, गार पाण्यात त्याला पचत नाही, त्यामुळे यांच्या हातात द्यायला काहीच नव्हतं. त्याने क्षणभर वाट बघितली आणि खाली गेला.

"आला," हे माझ्याकडे वळून म्हणाले. "बघितलंस? माझ्या वाजवण्याला आला."

मला एकदम रडू फुटलं. म्हटलं, यंदाही तळायचा राहिला. हे म्हणाले, तेल किती लागेल ते बघून ठेव.